शून्य, निरंक आणि शेरा : परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोंदींची शंभर वर्षे

हिवाळ्यात थंडीची लाट आली की वर्तमानपत्रांत परभणीची दोन किमान तापमाने छापून येतात. एक नुसते 'परभणी' आणि दुसरे 'परभणी कृषी विद्यापीठ'. दोन्ही आकड्यांत फरक असतो, आणि बहुधा विद्यापीठाचा आकडा कमी असतो. मग यातले खरे कोणते, असा प्रश्न हमखास निघतो. उत्तर सोपे आहे : दोन्ही खरे. विद्यापीठाची वेधशाळा मोकळ्या शेतजमिनीत आहे. निरभ्र रात्री उघडे रान लवकर निवते. शहरात मात्र भिंती आणि डांबर दिवसभराची ऊब रात्रभर सोडत राहतात. आकडा कुठे, किती वाजता, कोणत्या उपकरणाने घेतला हे ठाऊक असेल तर दोन आकडे मिळून परभणीची थंडी अधिक नीट सांगतात. ठाऊक नसेल तर एक आकडा दुसऱ्याला खोटे पाडतो.

आकड्याभोवतीची ही माहिती आपल्या सरकारी दप्तरात एका रकान्यात राहत आली आहे. तक्त्याच्या अगदी उजवीकडचा, सर्वांत शेवटचा रकाना : 'शेरा'. त्यात काही लिहिले नाही तरी तक्ता पूर्ण समजला जातो, म्हणून नवा तक्ता आखताना सर्वांत आधी कात्री लागते ती यालाच. परभणीत शेतीविषयक नोंदी ठेवायला सुरुवात होऊन शतक उलटले. या काळात नोंदीची आणि ती वर पाठवण्याची रीत निदान चार-पाच वेळा मुळापासून बदलली. प्रत्येक बदलाने वेग वाढला, चुका कमी झाल्या, हिशेब सोपा झाला. ते नाकारण्याचे कारण नाही. पण प्रत्येक बदलात शेऱ्याचा रकाना थोडाथोडा अरुंद होत गेला, आणि त्याची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. मी विद्यापीठाचा माणूस नाही. शेतीची वा सांख्यिकीची पदवीही माझ्याकडे नाही. जुने तक्ते वाचण्याची सवय एवढेच माझे भांडवल.

फसली सन, हाली रुपया आणि इंच

परभणीत मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झाले ते १९१८ साली, निजामाच्या राजवटीत. कृषी शिक्षणाची सोय तेव्हा फक्त हैदराबादला होती. मराठवाड्याच्या वाट्याला ज्वारी, कापूस, फळे यांवरची संशोधन केंद्रे आली. परभणीला कृषी महाविद्यालय मिळाले ते १९५६ साली, आणि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी. म्हणजे पहिली अडतीस वर्षे परभणीत प्रयोग होते, पण ते शिकवण्याची जागा नव्हती. आकडा परभणीच्या मातीत जन्मायचा आणि त्याचा अर्थ हैदराबादेत लावला जायचा. माहिती खालून वर जाते, हा आपल्या अहवालव्यवस्थेचा स्वभाव इथे आरंभापासूनच दिसतो.

त्या काळचा कोणताही हैदराबादी कागद वाचायचा तर आधी कालगणना सोडवावी लागते. कागदावर सन असतो फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, असा ठोकताळा मराठवाड्यातल्या जमिनीच्या कागदपत्रांशी झगडणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८चा. परंतु पावसाच्या नोंदीसाठी हा ठोकताळा फसवा आहे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अजूर महिन्याने उजाडायचे. त्यामुळे जून ते सप्टेंबरचा पावसाळा वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत यायचा. १३५८ फसली सुरू झाले १९४८च्या ऑक्टोबरात. पण त्या वर्षातला पावसाळा १९४९चा. जहागिरी नष्ट करणारा कायदा ऑगस्ट १९४९मध्ये निघाला, तरी त्याच्यावर १३५८ फसली लिहिलेले असते, ते यामुळेच. डोळे मिटून ५९० मिळवणारा माणूस पावसाळ्याची सगळी मालिका एका वर्षाने मागे सरकवतो. दुष्काळाचे वर्ष सुकाळाचे होते आणि सुकाळाचे दुष्काळाचे. गणित बरोबर, निष्कर्ष चूक.

पैशाचे तसेच. उत्पन्न हाली रुपयांत असेल तर सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब करावा लागे. धान्याची पायली, मण, पल्ला, खंडी ही मापे मुलखागणिक बदलत. पाऊस इंच आणि सेंट यांत मोजला जाई. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि पाठोपाठ दशमान पद्धत आली. अहवालाचा पत्ता हैदराबादऐवजी मुंबई-पुण्याचा झाला. इंचांचे मिलिमीटर झाले, एकरांचे हेक्टर झाले, पौंडांचे किलो झाले. स्वतंत्र भारतातले हे मोजमापाचे सर्वांत मोठे आधुनिकीकरण. त्याच्या खुणा आजही आकड्यांत लपून आहेत. हवामानशास्त्रात 'पावसाचा दिवस' म्हणजे ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तो. नेमका अडीचच का? कारण जुनी व्याख्या दहा सेंटची होती. दहा सेंट म्हणजे २.५४ मिलिमीटर, त्याचा पूर्णांकाच्या जवळ नेलेला हा अवतार. मोजपट्टी बदलली, पण जुन्या पट्टीची सावली राहिली. ती ओळखता येते, कारण त्या वेळी बदल करणाऱ्यांनी जुने काय होते ते लिहून ठेवले.

वेधशाळेतील सकाळ

कृषी हवामान वेधशाळेत निरीक्षणे दिवसातून दोनदा घेण्याची रीत आहे : सकाळी सात आणि दुपारी दोन. पण हे सात घड्याळातले नव्हेत, स्थानिक सूर्यवेळेचे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि परभणी आहे पावणेसत्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने परभणीचा सूर्य घड्याळाच्या सुमारे तेवीस मिनिटे मागे चालतो. म्हणून वेधशाळेचे सात वाजतात तेव्हा मनगटावर सात तेवीस झालेले असतात. पावसाची दिवसाची बेरीज मात्र प्रमाणवेळेनुसार सकाळी साडेआठला होते. एकाच नोंदवहीत दोन वेळा नांदतात, आणि निरीक्षकाला त्याचे काही वाटत नाही.

उपकरणे साधी, पण हट्टी. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत कोरडा आणि ओला असे दोन तापमापक, शिवाय कमाल व किमान तापमानाचे. जमिनीत पाच, दहा आणि वीस सेंटिमीटर खोल रोवलेले मातीचे तापमापक. सुमारे चार फूट व्यासाचे बाष्पीभवनाचे उघडे पात्र, त्यावर जाळी. आणि सर्वांत देखणे उपकरण म्हणजे सूर्यप्रकाश मोजणारा भरीव काचेचा गोळा. ऊन त्यातून एकवटून मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर पडते आणि पट्टी जळत जाते. ढग आला की जळणे थांबते. संध्याकाळी जळालेली रेघ मोजली की त्या दिवशी किती तास ऊन होते ते कळते. ऋतूप्रमाणे पट्ट्याही तीन प्रकारच्या. सूर्याने स्वतःच्या हाताने भरलेला हा तक्ता.

या सगळ्यांत शेरा कुठे येतो? बाष्पीभवनाचे पात्र घ्या. धो धो पाऊस पडला आणि पात्र ओसंडले तर त्या दिवशीचे बाष्पीभवन मोजताच येत नाही. जाळी फाटली आणि पक्ष्यांनी, कुत्र्याने पाणी प्यायले तर बाष्पीभवन उगाच जास्त दिसते. ओल्या तापमापकाचे फडके मळले तर आर्द्रता चुकते. चांगला निरीक्षक हे शेऱ्यात लिहितो. ती एक ओळ नसेल तर पन्नास वर्षांनी कोणी तो आकडा घेऊन पिकाची पाण्याची गरज काढील आणि ती चुकेल.

इथेच आपल्या कार्यालयीन मराठीतल्या एका सुंदर शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते : 'निरंक'. 'शून्य' म्हणजे मोजले आणि काही निघाले नाही. 'निरंक' म्हणजे कळवण्यासारखे काही नाही, आणि तसे मी जबाबदारीने कळवतो आहे. रिकामा रकाना म्हणजे मोजलेच नाही. पावसाच्या नोंदीत आणखी एक चौथी अवस्था असते. चार थेंब पडले, जमीन भिजल्यासारखी दिसली, पण मापात ०.१ मिलिमीटरही आले नाही; त्याला 'ट्रेस' म्हणतात. पाऊस पडला, पण मोजण्याइतका नाही. या चार अवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. वहीत चारही वेगळ्या लिहिता येतात. संगणकाच्या अनेक अर्जांत मात्र रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढेच सरकत नाही आणि आकड्याच्या जागी शब्द चालत नाही. अशा वेळी चौघांच्या जागी एकटे शून्य जाऊन बसते. कोणी खोटे बोलत नाही. फक्त खरे बोलायला जागा उरत नाही.

कालगणनेचा घोळ इथेही आहे. वेधशाळेचे आकडे 'प्रमाणित हवामान आठवड्यां'त मांडले जातात : वर्षाचे ५२ आठवडे, १ जानेवारीपासून. शेवटचा आठवडा आठ दिवसांचा, आणि लीप वर्षात नववाही आठ दिवसांचा. शेतकरी मात्र मृग, आर्द्रा, पुनर्वसू यांत बोलतो. मृग निघते ७-८ जूनला, म्हणजे तेविसाव्या आठवड्याच्या मध्येच. 'तेविसाव्या आठवड्यात पाऊस सरासरीइतका झाला' हे वाक्य खरे असूनही 'मृग कोरडे गेले' हेही खरे असू शकते. विद्यापीठाच्या सल्ल्यात हे दोन्ही हिशेब जुळवावे लागतात, आणि ते जुळवणारा माणूस दोन्ही कालगणना जाणणारा असावा लागतो.

जुन्या वह्यांतून निघालेले शास्त्र

परभणीत प्रयोगक्षेत्र सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१९मध्ये, इंग्लंडमधल्या रोथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्राने रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला तात्पुरते कामावर घेतले. काम काय? १८४३पासून चालू असलेल्या खतांच्या प्रयोगांच्या वह्या साठल्या होत्या. कोणत्या वाफ्याला काय दिले, किती गहू निघाला, रोज किती पाऊस पडला, हे सगळे त्यात होते. त्यातून काही निघते का ते पाहायचे. फिशरने त्या वह्या उपसल्या आणि त्यातून आधुनिक सांख्यिकीचा मोठा भाग उभा राहिला. वाफ्यांची यादृच्छिक मांडणी, पुनरावृत्ती, फरक खरा की योगायोगाचा हे ठरवण्याच्या कसोट्या : आज परभणीच्या विद्यार्थ्याला जे पहिल्या वर्षी शिकवतात ते तिथून आले. सत्तरऐंशी वर्षे कोणालाही तातडीने नको असलेल्या नोंदी नेमाने ठेवल्या गेल्या नसत्या, तर फिशरच्या बुद्धीला खाद्यच मिळाले नसते.

ही विद्या भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत : विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे भारतीय कृषी संशोधन परिषदेत सांख्यिकीचे काम पाहत, पुढे रोमला अन्न व शेती संघटनेत गेले. पानसे-सुखात्मे यांचे शेती कार्यकर्त्यांसाठीचे सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

सुखात्म्यांचा एक वाद आपल्या विषयाला फार जवळचा आहे. पिकाचा उतारा काढायला शेतातला किती तुकडा कापायचा? प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा लहान असला की कडेवरची झाडे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उतारा फुगतो. एकच शेत, एकच पीक. तुकड्याचा आकार बदलला की आकडा बदलतो. म्हणजे 'हेक्टरी इतके क्विंटल' हा आकडा एकटा अपुरा आहे. तो कसा काढला, हे त्याचे दुसरे अर्धे अंग. आजही पीक विम्याची भरपाई कापणी प्रयोगांवर ठरते, तेव्हा सुखात्म्यांचा हा मुद्दा परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळात जिवंत असतो.

विद्यापीठात प्रयोगाचा आकडा मोठा प्रवास करतो. वाफ्यात किलोंत मोजला जातो, हेक्टरी रूपात येतो, तीन-चार पुनरावृत्तींची सरासरी होते, अनेक हंगाम आणि अनेक केंद्रे यांची चाळणी लागते. मग विभागाची बैठक, विद्यापीठाची बैठक, आणि शेवटी चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन आढावा समिती. तिथे मान्य झाली तर 'शिफारस' होते. वाफ्यातले वीस पाने टिपण शिफारशीत दोन ओळींचे होते, आणि तसेच व्हायला हवे. पण ती वीस पाने कुठेतरी राहिली पाहिजेत. 'परभणी क्रांती' या भेंडीचे उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकात परभणीच्या विद्यापीठाने पुसा सावनी आणि भेंडीची एक रानटी भाईबंद जात यांच्या संकरातून हा केवडा रोगाला दाद न देणारा वाण काढला. अशा संकरात सुरुवातीच्या पिढ्या बहुतेक वांझ, वेड्यावाकड्या निघतात. कोणते झाड का ठेवले आणि कोणते का उपटले, ही माहिती अंतिम आकड्यात नसते. ती असते पैदासकाराच्या वहीतल्या शेऱ्यांत. पुढचा वाण काढणाऱ्याला उपयोग त्याच शेऱ्यांचा.

जिल्हा बदलतो, नाव बदलते

आकड्यांची मालिका लांब असली की आपण ती सलग समजतो. 'परभणी जिल्ह्यातील कापसाचे क्षेत्र, १९६१ ते आजपर्यंत' असा आलेख काढणे संगणकावर दोन मिनिटांचे काम आहे. पण १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून गेले. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा झाला तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव गेले. आज परभणीत नऊ तालुके आहेत. हे न सांगता काढलेल्या आलेखात १९९९च्या सुमारास कापूस कोसळलेला दिसेल आणि कोणी त्याचे कारण बोंडअळीत शोधील. कापूस तिथेच होता, सीमा हलली.

नावांचेही तसेच. १९७२चे मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ साली, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झाले. सोयाबीनच्या वाणांच्या नावात मात्र 'एमएयूएस' ही जुनी आद्याक्षरे टिकून आहेत. कार्यक्षेत्रातल्या औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. माणसाला हे सहज समजते. संगणकाला ती दोन विद्यापीठे आणि चार जिल्हे वाटतात. प्रबंध शोधणाऱ्याने एकच नाव टाकले तर संस्थेचा अर्धा इतिहास त्याच्या हाती लागत नाही. हे जुळवणारी एक साधी तक्ताबंदी, म्हणजे कोणत्या तारखेला काय बदलले याची यादी, प्रत्येक माहितीकोशाच्या पहिल्या पानावर असायला हवी.

पोर्टलांचा काळ

संगणक विद्यापीठांत आला तो आधी हिशेबनीस म्हणून. त्याआधी देशभरच्या सांख्यिकी विभागांत हाताने फिरवायची फॅसिट यंत्रे खडखडत असत. एका मोठ्या प्रयोगाचे पृथक्करण करायला दिवस लागत. नव्वदच्या दशकात कृषी संशोधन माहिती व्यवस्थेच्या नावाने संगणकांचे जाळे विणले जाऊ लागले. पुढे राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पातून सॅस ही महागडी सांख्यिकी प्रणाली देशातल्या कृषी विद्यापीठांना उपलब्ध झाली, आणि 'कृषिकोश' या भांडारात प्रबंध चढू लागले. गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने तर महाजालावर फुकट चालणारी 'वास्प' ही प्रणाली दिली. ज्या पृथक्करणाला दिवस लागत ते क्षणात होऊ लागले. जागतिक बँकेच्या साहाय्याच्या राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पातून विद्यार्थ्यांची नोंदणी, गुण, अभ्यासक्रम यांची संगणकीय व्यवस्था आली, आणि परभणीला यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांवरचे डिजिटल शेतीचे केंद्र मिळाले. हा सगळा लाभ मोठा आहे. विदर्भातल्या विद्यार्थ्याला परभणीचा प्रबंध घरबसल्या वाचता येणे ही पंचवीस वर्षांपूर्वी कल्पनेतली गोष्ट होती.

पण याच काळात अहवाल मागणारेही वाढले. २०१०-११पासून उच्चशिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण सुरू झाले; त्यासाठी विद्यापीठाचा एक नमुना, महाविद्यालयांचा दुसरा. २०१६पासून राष्ट्रीय क्रमवारी निघू लागली; २०२३पासून त्यात कृषी संस्थांचा वेगळा गट आला. शिवाय भारतीय कृषी संशोधन परिषद, राज्याची कृषी परिषद, अधिस्वीकृती मंडळ, मंत्रालय. प्रत्येकाला विद्यार्थी किती, प्राध्यापक किती, प्रकल्प किती हे हवे. पण प्रत्येकाची गणनेची तारीख वेगळी, व्याख्या वेगळी. प्रवेश घेतलेला, वर्गात बसलेला आणि परीक्षेला बसलेला विद्यार्थी हे तीन वेगळे आकडे आहेत. प्रकल्पावरचा कंत्राटी संशोधन सहायक एका नमुन्यात कर्मचारी असतो, दुसऱ्यात नसतो. मग एकाच विद्यापीठाचे चार ठिकाणी चार आकडे दिसतात, आणि परभणीच्या दोन तापमानांसारखाच प्रश्न पडतो : खरे कोणते? तापमानाच्या बाबतीत उत्तर देता येते, कारण उपकरणाची जागा ठाऊक आहे. इथे ते देता यावे म्हणून व्याख्या आणि तारीख आकड्याला चिकटलेली हवी.

हे काम करतो कोण? बहुधा शिकवणे आणि संशोधन सांभाळून 'नोडल अधिकारी' झालेला प्राध्यापक, आणि त्याच्या शेजारी बसणारा लिपिक. 'माहिती तात्काळ सादर करावी' या वाक्याखाली दोघांची संध्याकाळ जाते. माहिती एकदाच भरावी आणि मागणाऱ्या प्रत्येकाने तिथून उचलावी, हा आधुनिकीकरणाचा खरा अर्थ. कागदावरचे तेच चार तक्ते चार पोर्टलांवर भरणे म्हणजे वेठीला विजेची जोड देणे.

पासष्ट मिलिमीटर

इथवरची गोष्ट कार्यालयाच्या चार भिंतींतली वाटेल. पण तिचे दुसरे टोक बांधावर आहे.

मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानीच्या पंचनाम्यांचा मार्ग मोकळा होतो. राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत 'महावेध' प्रकल्पातून स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, आणि दर काही मिनिटांनी आकडा मिळू लागला. तालुक्याला एक पर्जन्यमापक आणि सकाळी एक नोंद, या जुन्या स्थितीपेक्षा हे कितीतरी पुढचे पाऊल. मात्र मंडळात गावे अनेक आणि केंद्र एक. मराठवाड्याचा पाऊस तर शिवारातल्या एका बांधावर पडतो आणि पलीकडच्या बांधावर पडत नाही. शिवाय स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा एक छोटी दोलती वाटी असते; भरली की कलंडते आणि एक ठिपका मोजला जातो. नळीत धूळ, पाने किंवा मुंग्यांचे वारूळ अडकले तर वाटी कलंडत नाही आणि केंद्र इमाने इतबारे शून्य कळवत राहते. माणसाने हे पाहिले असते तर शेऱ्यात लिहिले असते. यंत्राकडे शेऱ्याचा रकाना नाही. ६४ आणि ६५ यांच्यामध्ये ज्याची सोयाबीन पाण्यात गेली आहे, त्याच्यासाठी हा तत्त्वचर्चेचा विषय नव्हे. सप्टेंबर २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड भागात पावसाने थैमान घातले, तेव्हा मंडळाचा आकडा हा घरोघरच्या बोलण्याचा विषय झाला होता.

म्हणूनच विद्यापीठाच्या वेधशाळेसारख्या, कोणाच्याही भरपाईत हितसंबंध नसलेल्या, जुन्या आणि माणसाने सांभाळलेल्या नोंदीचे मोल आहे. ती तिऱ्हाईत साक्षीदार आहे. स्वयंचलित केंद्राच्या आकड्याशी ती ताडून पाहता येते.

आकडा वरून परत खाली येण्याचा एकच पक्का मार्ग परभणीत तयार झाला : हवामानावर आधारित कृषी सल्ला. ही व्यवस्था देशात १९९१पासून हवामान विभागांनुसार सुरू झाली आणि पुढे ग्रामीण कृषी मौसम सेवा म्हणून भारतीय हवामान खात्याकडे आली. परभणीहून मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको, हे दर जूनमध्ये ऐकू येणारे वाक्य म्हणजे शंभर वर्षांच्या नोंदींचे शेतकऱ्याला मिळालेले व्याज आहे. देशात अधिक जवळून सल्ला देण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली होती. ती २०२४ साली बंद झाली. माहिती आता यंत्रे आपोआप पाठवतात, मग जिल्ह्यागणिक माणूस कशाला, असा युक्तिवाद त्या वेळी पुढे आला. आकडा गोळा करणे आणि आकड्याचा अर्थ सांगणे ही दोन कामे एकच समजल्याचा हा परिणाम.

काय जपायचे

विद्यापीठांची माहितीव्यवस्था नवी व्हायलाच हवी. कागदाच्या वह्यांना वाळवी लागते, शाई उडते, आणि ज्याला अक्षर लागते तो निवृत्त होतो. प्रश्न फक्त काय बरोबर न्यायचे याचा आहे.

माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली : जुन्या वह्या संगणकात भरताना नुसते आकडे टंकू नयेत, पूर्ण पानांची छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे शेरे, खाडाखोड आणि निरीक्षकाची सही सगळे राहील. दुसरी : मूळ एकक आणि मूळ सन तसाच ठेवून शेजारी नवे रूपांतर द्यावे, फसली पुसून इसवी लिहू नये. तिसरी : प्रत्येक वेधशाळेचा आणि प्रत्येक प्रयोगक्षेत्राचा जागेचा इतिहास लिहावा. उपकरण कधी हलवले, कधी बदलले, शेजारी इमारत कधी उभी राहिली, सीमा कधी बदलली. चौथी : नव्या प्रत्येक अर्जात शून्य, निरंक, ट्रेस आणि 'मोजले नाही' यांना वेगवेगळी जागा असावी, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असावा. संगणकाच्या दृष्टीने यातले काहीही अवघड नाही. खर्चही फारसा नाही. खर्च आहे तो जुन्या वह्यांच्या छायाचित्रांचा, आणि तो दर पावसाळ्याला वाढत जातो, कारण दर पावसाळ्यात काही पाने वाचण्यापलीकडे जातात.

दर वर्षी १८ मेला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, परभणीत खरीप मेळावा भरतो. गावोगावचे शेतकरी बियाणे घ्यायला आणि तज्ज्ञांना प्रश्न विचारायला येतात. त्या मेळाव्यात नव्या वाणांच्या दालनाशेजारी आणखी एक दालन मांडता येईल : तुमच्या मंडळात गेली इतकी वर्षे मृगात किती पाऊस पडला, तो कोणी आणि कशाने मोजला, हे ज्याचे त्याला पाहता येईल असे. माहिती शंभर वर्षे वर गेली आहे. ज्यांच्या रानातून ती गेली, त्यांच्यापुढे ती शेऱ्यासकट ठेवणे एवढे या आधुनिकीकरणाकडून मागितले तर ते जास्त होऊ नये.